नांव एक, गाड्या अनेक

संस्कृतांतील 'हृ' धातु ज्यानें अभ्यासिला आहे त्यास उपसर्गांचा महिमा निराळा सांगावयास नको. धातु तोच, परंतु आधीं एकेक उपसर्ग लागतांच आहार, विहार, प्रहार, संहार असे अगदीं भिन्न अर्थ उत्पन्न होतात. उंची मोटारगाड्यांचेंही कांहींसें असेंच आहे. मर्सिडीज, ऑडी हीं नांवें ऐकतांच ती गाडी जगाच्या पाठीवर सर्वत्र एकच असेल अशी आपली समजूत होते. वस्तुतः जर्मनींत विकली जाणारी, अमेरिकेंत विकली जाणारी आणि आपल्या पुण्याजवळ चाकण येथें जोडली जाणारी एकाच नांवाची गाडी या तीन गाड्या पुष्कळ बाबतींत निरनिराळ्या असतात. आमच्या रिसोडसारख्या तालुक्याच्या गांवीं अशा गाड्या क्वचितच दृष्टीस पडतात. तथापि हा विषय केवळ धनिकांच्या कौतुकाचा नाहीं, हें पुढील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

प्रथम दिव्यांचें पाहूं. अमेरिकेंत १९४० पासून कांच, तार व परावर्तक एकत्र बंद केलेला, ठराविक मापाचा दिवा सर्व गाड्यांस लागूं लागला. हेतु चांगला होता. दिवा गेला तर लहान गांवच्या दुकानींही तोच मिळावा. परंतु कालांतरानें तोच नियम सुधारणेच्या आड आला. युरोपांतील मर्सिडीजला एका कांचेआड बसविलेला सुबक दिवा असे. तीच गाडी अमेरिकेस पाठवितांना तिला वाटोळे बंद दिवे बसवावे लागत. हें बंधन १९८३ सालीं सैल झालें. पुढें समोरून येणाऱ्या गाडीपुरताच प्रकाश आपोआप मंद करणारे दिवे ऑडीनें २०१३ सालीं युरोपांत आणले. अमेरिकेच्या नियमांत त्यांस वाव मिळण्यास २०२२ साल उजाडावें लागलें. वळण दाखविणारा मागील दिवा युरोपांत नारिंगीच पाहिजे, अमेरिकेंत लालही चालतो. चालकाच्या बाजूचा आरसा अमेरिकेंत सपाटच लागतो, युरोपांत फुगीर असला तरी हरकत नसते.

बंपरची कथाही अशीच. १ सप्टेंबर १९७२ पासून अमेरिकेंत असा नियम झाला कीं, ताशीं पांच मैल वेगानें पुढून धडक बसली तरी दिवे वगैरे महत्त्वाच्या भागांस इजा होऊं नये. त्यामुळें डौलदार जर्मन गाड्यांना तेथें पुढें आलेले अवजड बंपर लाभले. इंधनाच्या टंचाईनंतर १९७५ सालीं तेथें दुसरा कायदा झाला. प्रत्येक कंपनीच्या सर्व गाड्यांची मिळून इंधनखर्चाची सरासरी ठराविक मर्यादेंत बसली पाहिजे, असें त्यानें ठरविलें. या हिशेबासाठीं मर्सिडीजनें १९७८ सालीं आपल्या थोरल्या गाडींत टर्बो डिझेल यंत्र बसविलें आणि ती '३०० एसडी' केवळ उत्तर अमेरिकेंत विकली. जर्मनींतील गिऱ्हाइकास स्वतःच्याच देशांत बनलेली ती गाडी मिळत नसे! उलटपक्षीं लहान यंत्राची साधी मर्सिडीज जर्मनींत टॅक्सी म्हणून सर्रास धांवे. अमेरिकन मनुष्य मात्र मर्सिडीज म्हणजे केवळ श्रीमंतांचें वाहन असें समजे.

या भेदाचें मूळ दोन निराळ्या विचारपद्धतींत आहे. युरोपांत गाडी विकण्यापूर्वीं सरकारमान्य संस्थेकडून तिची तपासणी करवून संमति घ्यावी लागते. अमेरिकेंत 'आमची गाडी नियमांस धरून आहे' अशी ग्वाही कारखानदार स्वतःच देतो. ती खोटी ठरल्यास सरकार त्यास जाब विचारतें. १९५८ च्या जिनीव्हा येथील करारान्वयें युरोपीय राष्ट्रांनीं परस्परांच्या संमत्या मान्य करण्याची रीत घातली. त्या करारांत अमेरिका सामील नाहीं. म्हणून १९८० नंतरच्या दशकांत ज्या अमेरिकनांनीं जर्मनींत स्वस्त मिळणाऱ्या गाड्या परस्पर घरीं नेल्या, त्यांस दिवे, बंपर, धुराची नळी असें सारें बदलून घ्यावें लागे. १९८८ च्या कायद्यानें ती वाटही बहुतेक बंद झाली. पंचवीस वर्षें जुन्या गाड्यांस मात्र सुरक्षेच्या त्या नियमांतून सूट आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. मर्सिडीज-बेंझ कंपनीनें १९९४ सालीं भारतांत पाय ठेवला व १९९५ सालीं पुण्यास टेल्कोच्या सहकार्यानें ई-क्लास गाडी काढण्यास आरंभ केला; चाकणचा स्वतंत्र कारखाना २००९ सालीं उघडला. ऑडीची जोडणी २००७ सालीं शेंद्रा येथें, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराजवळ, सुरू झाली. येथें गाडीस भारतीय उपसर्ग लागतो. सुकाणूं उजवीकडे जातें. आपल्याकडील अखंड वाजविण्याची संवय पाहून ऑडीनें भोंगाही अधिक टिकाऊ बनविला. सर्वांत मार्मिक फरक २०१७ सालच्या ई-क्लासमध्यें दिसला. तिच्या दोन चाकांमधील अंतर चाकणला १४० मिलिमीटरांनीं, म्हणजे सुमारें साडेपांच इंचांनीं वाढविलें गेलें. युरोपांत मालक स्वतः गाडी हांकतो. आपल्याकडे तो मागें बसतो, म्हणून ही जागा मागें मिळाली!

परदेशस्थ मुलगा किंवा पुतण्या 'येथील गाडी तिकडे घेऊन येतों' असें पत्रीं लिहितो, तेव्हां घरच्या कर्त्यानें हें ध्यानांत घ्यावें. बाहेरून नवी गाडी आणावयाची तर तिचें सुकाणूं उजवीकडे, वेगमापक किलोमीटरांत आणि दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीस योग्य असा असावा लागतो. अमेरिकेंतील गाडी या तिन्ही कसोट्यांस बहुधा उतरत नाहीं.

परंतु दिव्या-आरशांहून गंभीर भेद प्राणरक्षणाचा आहे. २०१४ च्या आरंभीं ग्लोबल एनकॅप या संस्थेनें भारतांत विकल्या जाणाऱ्या पांच लहान गाड्या ताशीं ६४ किलोमीटर वेगानें आदळून पाहिल्या. त्यांत फोक्सवॅगनची पोलो होती. एअरबॅग नसलेल्या पोलोस मोठ्या माणसांच्या रक्षणासाठीं शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या पोलोस चार मिळाले. नांव तेंच, कंपनी तीच. मधें दोन पिशव्यांचें अंतर, आणि तें जीवनमरणाचें! कंपनीनें मग एअरबॅग नसलेली गाडी विकणें थांबविलें. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग देशांत सक्तीची झाली, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही आपली स्वतःची परीक्षा सुरू झाली. म्हणून गाडी लहान घ्या वा मोठी, 'परदेशांत हिला पांच तारे आहेत' या विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबूं नये. येथें मिळणाऱ्या गाडीची परीक्षा झाली आहे काय, हें अवश्य विचारावें.

उत्तम गाडी घेतली म्हणजे सर्व साधलें असेंही नाहीं. पट्टा न बांधणाराही मनुष्य वांचावा, या दृष्टीनें अमेरिकेच्या नियमांनीं तेथील एअरबॅग मोठ्या करविल्या. तरीही पट्ट्याची जागा त्या घेऊं शकत नाहींत. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यु झाला. गाडी मर्सिडीजच होती; मागें बसलेल्या दोघांनीं पट्टे बांधलेले नव्हते, असें पोलिसांच्या तपासांत दिसून आलें. आपल्या कुटुंबांतून मागील आसन हें वडीलधाऱ्यांचें आणि लेंकरांचें. पुढच्यांनींच तेवढा पट्टा बांधावा, अशी चमत्कारिक समजूत घरोघर आहे. कायदा मात्र मागें बसणारांनाही पट्टा बांधावयास सांगतो.

डिसेंबर २०२२ मध्यें समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग खुला झाला आणि ताशीं १२० किलोमीटरांचा वेग आमच्या वाशीम जिल्ह्यांतून धांवूं लागला. असा वेग दारीं आला असतां गाडीच्या नांवापेक्षां तिच्या अंगचे गुण पाहण्याची, आणि ती सुरू होण्यापूर्वीं मागें बसलेल्या आजीचा पट्टा नातवानें स्वतः लावून देण्याची रीत प्रत्येक घरीं पडावी, एवढीच इच्छा आहे.