अखेरची पाच मिनिटे जपणारे चित्रण

संगणकाच्या पडद्यावर क्वचित उद्भवणारा बिघाड तज्ज्ञास दाखवावयाचा झाल्यास एक अडचण येते. बिघाड आगाऊ सूचना देऊन येत नाही. तो दिसल्यावर चित्रण सुरू करावे, तर तो क्षण निघून गेलेला असतो. दिवसभर चित्रण चालू ठेवावे, तर साठवणीची जागा व्यर्थ भरत जाते. केवळ अखेरचा काही काळ जपून ठेवणारी आज्ञावली ही यावरील तोड होय. ‘ओबीएस स्टुडिओ’ या विनामूल्य आज्ञावलीत अशी सोय आहे.

हिची रीत विहिरीवरील रहाटगाडग्यासारखी आहे. गाडग्यांची संख्या ठरलेली असते. तीच गाडगी रिकामी होऊन पुन्हा भरतात. तद्वत् नवीन चित्र आले की सर्वांत जुने पुसले जाते. मर्यादा पाच मिनिटांची ठरविली, तर यंत्र दहा तास चालले तरी जागा पाच मिनिटांपुरतीच लागते. कळ दाबली म्हणजे त्या क्षणापूर्वीची पाच मिनिटे कायमची उतरवून घेतली जातात.

ही जागा किती? पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस ३ बाइट आणि सेकंदास ६० चित्रे धरली, तर एका सेकंदाची नोंद ३७ कोटी बाइटांहून अधिक होते. एवढा भार सामान्य घरगुती संगणकास फार वेळ पेलणे अवघड असते. म्हणून चित्रणाचा संक्षेप करतात. सेकंदास ३० लाख बाइट अशी मर्यादा घातल्यास पाच मिनिटांस ९० कोटी बाइट पुरतात.

संक्षेपामुळे मात्र एक गुंतागुंत निर्माण होते. अधूनमधून एक चित्र पूर्ण लिहितात व पुढील चित्रांचा केवळ फरक नोंदवितात. ते पूर्ण चित्र पुसले गेले, तर त्यावर विसंबलेले सर्व फरक निरर्थक ठरतात. यास्तव जुनी चित्रे एकेक करून नव्हे, तर गटागटाने टाकावी लागतात. जपलेले चित्रण ठरविल्यापेक्षा काही सेकंद कमीअधिक निघते, ते याच कारणाने. तो दोष समजू नये.

खरा धोका निराळाच आहे. महत्त्वाचे काय हे यंत्रास कळत नाही. कळ वेळेवर दाबली नाही, तर ते चालतच राहते. विमानातील ध्वनिलेखक याच तत्त्वावर चालतो. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग विमानाच्या बाजूचा एक झडपवजा भाग आकाशात निखळून पडला. विमान सुखरूप उतरले. परंतु ध्वनिलेखकाचा वीजपुरवठा वेळेत तोडला गेला नाही. त्याची धाव दोन तासांची होती. वैमानिकांच्या कक्षातील त्या वेळचे संभाषण पुढील आवाजांखाली पुसले गेले आणि चौकशी करणाऱ्यांस ते मिळू शकले नाही. युरोपात नव्या मोठ्या विमानांवर २५ तासांच्या ध्वनिलेखनाचे बंधन आहे. अमेरिकेने तशा तरतुदीचा कायदा मे २०२४ मध्ये केला.