तळघरातील अभ्यासाची खोली उबदार कशी करावी?

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर राजा मानसिंहाचा महाल आहे. या राजाची कारकीर्द १४८६ ते १५१६ अशी होती. त्या महालाचे दोन मजले जमिनीखाली आहेत. उन्हाळ्याच्या काहिलीत त्यांचे मोल कळते. लष्करातील जुन्या वाड्यांतही तळघरे आढळतात, ती याच हेतूने. परंतु हल्ली घरे माणसांस अपुरी पडू लागली असून तळघर बारमाही वापरावे लागते. आमच्या वाड्यातील तळघर आम्ही दहावीच्या दोन पुतण्यांस अभ्यासासाठी दिले आणि जानेवारीत मुले कुडकुडू लागली. ते गरम कशाने करावे, याचा शोध घेताना आमच्या हातून जी घोर चूक झाली, ती प्रथम सांगतो.

आम्ही शेगडी पेटविली. धूर निघून गेला आणि निखारे लाल झाले, म्हणजे शेगडी निर्धोक झाली, अशी घरातील वडीलधाऱ्यांची समजूत, आमचीही तीच. शेगडी खाली नेऊन जिन्याचे दार ओढून घेतले. तासाभराने धाकट्याने हाक मारली, "काका, डोके फार दुखते आहे, मळमळते आहे." थोरला वहीवर डोके टेकून निजला होता, त्याला हलविले, तरी तो नीट जागा होईना. दोघांस उचलून अंगणात आणले व तेथून रुग्णालयात नेले. प्राणवायू दिल्यावर दोघेही सुखरूप घरी आले, हे आमचे भाग्य.

या अपघाताचे कारण कार्बन मोनॉक्साइड हा वायू. त्याला रंग नाही, वास नाही आणि निखारे धूरविरहित झाले तरी तो निघतच राहतो. रक्तातील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. मग रक्त वाहते, पण प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. हा वायू जड असल्याने तळघरात साठतो, असे काहीजण सांगतात. ते खरे नाही; तो हवेहून किंचित हलकाच आहे. तळघर घातक ठरते ते तेथील हवेला बाहेर पडण्यास वाट नसते म्हणून. धुराड्याविना चालणारे गॅसचे हीटरही याच कारणासाठी आम्ही बाद केले. शिवाय एक किलो गॅस जळाला, की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने खोलीत सुटते, आणि तळघरात ओल आधीच कमी नसते!

यानंतर आम्ही थर्मामीटर घेऊन बसलो. पहाटे अंगणात ७ अंश, तर तळघरात १७. आम्ही चकितच झालो. परंतु विचार करता उलगडा होतो. जमिनीत खोल गेल्यास तेथील उष्णमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहते, आणि ग्वाल्हेरची ही सरासरी सुमारे २५ अंश आहे. म्हणजे उन्हाळ्यात तळघर थंड ठेवणारी जमीनच हिवाळ्यात त्याला ऊब देते. मग मुले कुडकुडत का होती? थंड हवा जड असल्याने ती जिन्यावरून पाण्यासारखी खाली उतरत होती. शिवाय अंगातील उष्णता समोरच्या गार दगडी भिंतीकडे सतत जात होती, आणि तीन तास स्वस्थ बसलेल्या माणसास ते लवकर जाणवते.

आता थोडे गणित करू. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व नऊ फूट उंच खोलीतील हवा सुमारे ३७ किलो भरते. ती ५ अंशांनी तापविण्यास विजेच्या एका युनिटाचा विसावा हिस्सा पुरतो. मात्र अर्धा मीटर जाडीच्या दगडी भिंतीचा केवळ एक चौरस मीटर भाग १ अंशाने तापवायचा, तर याच्या जवळजवळ पाचपट उष्णता लागते. सारी खोली तापवू पाहणारा दगडच तापवीत बसतो.

म्हणून आम्ही जिन्याच्या तोंडाशी जुन्या गोधडीचा पडदा लावला. जमिनीवर सतरंजी अंथरली आणि टेबलामागील भिंतीला लाकडी फळ्या ठोकल्या. फळ्यांमागे ओल साचू नये, म्हणून दोन बोटे जागा सोडली. वरचा झरोका मात्र कधीही बुजविला नाही.

एवढे केल्यावर हीटरची निवड सोपी झाली. दुकानदार निरनिराळ्या हीटरांची निरनिराळी स्तुती करतात. वस्तुतः तारेचा, तेलाचा वा पंख्याचा, कोणताही साधा विजेचा हीटर एका युनिटाची उष्णता सारखीच देतो. फरक पडतो तो ती कोठे पोहोचते यात. तेलाचा हीटर दिवसभर वापरावयाच्या खोलीस बरा. आमच्यासारख्या तीन तासांच्या कामाला लाल कांडीचा, किरणांनी ऊब देणारा हीटर योग्य, कारण तो हवा व भिंत तापण्याची वाट न पाहता माणसास तापवितो. ४०० वॉटची एक कांडी मुलांच्या पायांकडे वळवून ठेवली, की तीन तासांत सव्वा युनिट खर्च होते. तिच्याजवळ गोधडी वा कागद येऊ देत नाही, आणि ओलसर फरशीमुळे अर्थिंगची जोडणी तपासून घेतली आहे.

याहून काटकसरीचे एक यंत्र आहे. ते म्हणजे उलट चालणारा वातानुकूलक. तो उष्णता निर्माण न करता बाहेरच्या हवेतून ओढून आत आणतो, आणि येथल्या बेताच्या थंडीत एका युनिटाच्या मोबदल्यात सुमारे तीन युनिटांची ऊब देऊ शकतो. परंतु त्याची किंमत मोठी आणि त्याचा बाहेरचा भाग बसविण्यास आमच्या चिंचोळ्या बोळात जागा नाही. तळघर सकाळ-संध्याकाळ वापरात असते, तर आम्ही तोच घेतला असता. तूर्त कांडीवर भागते, आणि थोरला पुतण्या तर गेल्या आठवड्यात स्वेटर काढून बसला होता.