खापर बोलते, पण हातात घेतल्यावर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ग्रीक आणि रोमन संस्कृतींचा अभ्यास करायचा तर युरोपातच जायला हवे, असा आपला समज असतो. नवी मुंबईकरांना मात्र त्या अभ्यासाचे साहित्य न्हावा-शेवा बंदराच्या समोरच, घारापुरी बेटावर सापडले आहे. तिथली प्रसिद्ध लेणी कोरली जाण्याच्या कितीतरी आधीपासून या बेटावर जहाजांची ये-जा होती. मोराबंदरच्या किनाऱ्यावर मिळालेली अँफोऱ्यांची खापरे त्याची साक्ष देतात. अँफोरा म्हणजे दोन कानांचा, निमुळत्या तळाचा मातीचा मोठा कुंभ. मद्य, ऑलिव्हचे तेल असा माल त्यातून जहाजाने जाई.

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. भडोचला इटलीचे मद्य येत असे, अशी नोंदही त्यात आहे. पण ग्रंथातली नोंद आणि हातातले खापर यांचा मेळ घालायचा कसा?

त्यासाठी खापर आधी धुऊन सावलीत वाळवतात आणि त्यावर क्रमांक घालतात. मग त्याची कड भिंगाखाली पाहतात. नेपल्सच्या परिसरातल्या मातीत ज्वालामुखीचे काळे, चकचकीत कण दिसतात. कोस बेटाच्या धाटणीच्या कुंभाचा कान दोन पेडांचा असतो. काठाचा तुकडा मिळाला, तर त्याच्या वळणावरून तोंडाचा व्यास काढता येतो.

अशा बारकाव्यांनी इतिहास कसा बदलतो, हे २००७ मध्ये दिसले. रॉबर्टा टोंबर या संशोधिकेने भारतातील ‘रोमन’ म्हणून नोंदलेली खापरे पुन्हा तपासली. त्यांतली बरीच ‘टॉर्पेडो’ घाटाच्या कुंभांची निघाली. या कुंभांना कान नसतात आणि आतून नैसर्गिक डांबराचा काळा लेप असतो. ते इराक-इराणकडचे असून बहुतांशी सासानी आणि त्यानंतरच्या काळातले आहेत. म्हणजे रोमशी असलेला व्यापार आपण समजत होतो त्यापेक्षा थोडा कमी भरला, पण इराणच्या आखाताशी असलेले आपले दीर्घकाळचे नाते उजेडात आले. घारापुरीला दोन्ही प्रकारची खापरे मिळतात.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक सागरदेवाची कांस्यमूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. ती पाहायला लोक थांबतात. खापरांच्या पेटीपाशी सहसा कुणी थांबत नाही. पण ही फेरतपासणी शक्य झाली ती कुणीतरी ती खापरे जपून, नोंदी करून ठेवली होती म्हणूनच.

म्हणून बेटावर गेलात आणि एखादे खापर दिसले, तर ते आठवण म्हणून खिशात घालू नका. ते कुठे आणि कशासोबत पडले होते, ही माहिती जागा सुटताच हरवते. जागेची खूण ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवा. पुढच्या अभ्यासकाला त्या तुकड्याकडून काहीतरी वेगळेच ऐकायला मिळण्याची शक्यता त्यामुळे शिल्लक राहते.