आपल्या काळ्या दगडावर लेसर चालेल का?

गंजलेल्या लोखंडावरून लेसर फिरतो आणि खालून लख्ख धातू निघतो, असे व्हिडिओ मुलं हल्ली मोबाईलवर बघतात. मग वर्गात प्रश्न येतो, "सर, आपलं जुनं देऊळ असंच साफ करता येईल का?" प्रश्न छान आहे, पण उत्तर नुसतं 'हो' असं देता येत नाही.

आधी तत्त्व पाहू. भिंगाने ऊन एकवटून काळ्या कागदावर पाडलं की तो लगेच धुमसतो. पांढऱ्याला बराच वेळ लागतो. (प्रयोग मोठ्यांसमोरच करावा, भिंगातून सूर्याकडे कधीच बघू नये.) काळा रंग प्रकाश शोषतो, पांढरा परतवतो. १९७२ मध्ये जॉन ॲस्मस हे अमेरिकन शास्त्रज्ञ व्हेनिसला गेले होते ते मूर्तींचे होलोग्राम घेण्यासाठी. तिथे लेसर संगमरवरावर पाडून पाहिला, तर काळं किटण उडालं आणि पांढरा दगड तसाच राहिला! आज वापरतात त्या लेसरचा एकेक झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच असतो. तेवढ्यात किटण तापतं, फुगतं आणि सुटतं. उष्णता दगडात खोल शिरत नाही. किटण संपलं की पांढरा दगड प्रकाश परतवतो, म्हणजे सफाई आपोआप थांबते. भिंगाच्या काचेचंही तसंच. काचेतून प्रकाश आरपार जातो, वरची धूळ मात्र तो शोषते.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर घ्या किंवा सलाबतखानाची कबर, म्हणजे आपण ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतो ती. दगड काळा बेसॉल्ट. इथे दगडच प्रकाश शोषतो, त्यामुळे थांबायचं कुठे हे लेसरला आपोआप कळत नाही. वर चुना फासलेला असेल तर गणित चक्क उलटं होतं. चुना प्रकाश परतवणार आणि दगड तापणार! शेंदराची तऱ्हा आणखी वेगळी. खरा शेंदूर हे शिशाचं संयुग आहे आणि लेसरने तो काळा पडू शकतो. म्हणून तज्ज्ञ आधी कोपऱ्यातल्या नखाएवढ्या जागेवर चाचणी घेतात, झोताची ताकद कमी-जास्त करून बघतात, मगच पुढे जातात.

स्वच्छता मोहिमेत मुलांच्या हाती तारेचा ब्रश किंवा ॲसिड देणं तर त्याहून वाईट. वीरगळावरच्या घोड्याचा लगाम त्याने झिजला की तो परत येत नाही. संरक्षित स्मारकाला तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय हातच लावू नये. मुलांकडून आवारातला कचरा उचलून घ्या. आणि वहीत एका वीरगळाचं चित्र काढायला सांगा: कुठे चुना, कुठे शेंदूर, कुठे तेलाचा थर, कुठे शेवाळ. तज्ज्ञही कामाला हात घालण्याआधी असाच नकाशा काढतात.