ओली औषधी, नगरातील शेती आणि नगरपालिकांचे कर्तव्य

गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा आदी द्रव्ये सदैव ओलीच योजावीत, असा निर्देश शार्ङ्गधर संहितेत आहे. विद्यार्थिदशेत हा पाठ आपण सर्वांनी कंठस्थ केला. परंतु शहरात व्यवसाय करणाऱ्या वैद्याने आज वासास्वरस द्यावयाचे ठरविले, तर अडुळशाची ताजी पाने आणावीत कोठून? कुंपणाला सहज वाढणाऱ्या या वनस्पतीसाठीही आपणांस काष्ठौषधींच्या दुकानातील, किती जुनी हे न कळणारी, वाळलेली पाने घ्यावी लागतात. औषधी शहराबाहेर गेली आणि तिच्याबरोबर स्वरसकल्पनाही व्यवहारातून मागे पडत चालली.

यावर नागरी शेती हा एक व्यवहार्य उपाय आहे. शहरातील पडीक भूखंडांवर नागरिकांनी वा गरजू कुटुंबांनी सामूहिक मळे व बागा फुलविण्याचे प्रयोग जगात अनेक ठिकाणी झाले आहेत. त्यांतील काही यशस्वी झाले, काही कोमेजले. त्यांचा अभ्यास करता असे दिसते की, रोपे वाटल्याने अशी शेती टिकत नाही. जागेची लेखी शाश्वती, निर्दोष माती-पाणी आणि विक्रीची सोय या तीन गोष्टी नगरपालिकेने दिल्या तरच ती टिकते. औषधी वनस्पतींच्या बाबतीत यांतील दुसरी गोष्ट तर प्राणाइतकी महत्त्वाची आहे.

रोझारिओचा धडा

अर्जेंटिनातील रोझारिओ हे पाराना नदीकाठचे सुमारे दहा लाख वस्तीचे औद्योगिक शहर. २००१ च्या अखेरीस त्या देशाची अर्थव्यवस्था कोसळली आणि असंख्य कामगार बेरोजगार झाले. २००२ च्या प्रारंभी तेथील नगरपालिकेने नागरी शेतीचा कार्यक्रम हाती घेतला. बी-बियाणे व अवजारे पुरविण्यावर ती थांबली नाही. विद्यापीठाच्या साहाय्याने तिने शहरातील रिकाम्या जागांची पाहणी केली. लोहमार्ग व महामार्ग यांच्या कडेच्या पट्ट्यांचाही तीत विचार झाला. गरजू कुटुंबांना जागा वापरण्याचा अधिकार कायदेशीर रीतीने देण्याची तजवीज झाली आणि शहरातील चौकांत विक्रीसाठी आठवडी बाजार भरू लागले. भाजीपाल्यावर प्रक्रिया करणे आणि औषधी वनस्पतींपासून सौंदर्यप्रसाधने बनविणे, असे छोटे उद्योगही या कार्यक्रमातून उभे राहिले.

पुढे अर्थव्यवस्था सावरली तेव्हा अनेकांनी शेती सोडली. तरीही नगरपालिकेने कार्यक्रम गुंडाळला नाही. उलट मळे आणि सार्वजनिक उद्यान यांचा संगम असलेली उद्याने उभारली. २०२१ मध्ये या शहराला वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटचे शहरांसाठीचे रॉस पारितोषिक मिळाले. संकटकाळात सुरू झालेले काम संकट सरल्यावरही चालू ठेवले, हेच या यशाचे मर्म आहे.

शाश्वती नसेल तर

याच्या उलट बाजू न्यूयॉर्कमध्ये दिसली. तेथील महापालिकेने १९७८ पासून ‘ग्रीन थंब’ योजनेखाली ओस भूखंड नागरिकांना बागांसाठी दिले. लोकांनी दोन दशके राबून ते फुलविले आणि जमिनीचे भाव चढताच १९९९ मध्ये महापालिकेने शंभराहून अधिक बागा लिलावात काढावयाचे ठरविले. दोन सेवाभावी संस्थांनी त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. जमीन उद्या काढून घेतली जाईल अशी धास्ती असेल, तर माणूस पालक-मेथी लावील; आवळा लावणार नाही. शतावरीचे कंद काढणीस येण्यासही दीड-दोन वर्षे लागतात. औषधी वनस्पतींना जागेच्या शाश्वतीची गरज अधिक आहे, ती यामुळेच.

भूमिपरीक्षा, आजच्या अर्थाने

औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी, याचे विवेचन चरकाच्या कल्पस्थानात आणि सुश्रुताच्या सूत्रस्थानात आले आहे. स्मशान, वारूळ, खाचखळगे, खारवट जमीन अशा जागा त्यांत वर्ज्य सांगितल्या आहेत. आजच्या शहरात या यादीत आणखी भर घालावी लागेल : बंद पडलेल्या कारखान्याचे आवार, कचऱ्याच्या भरावावरील जमीन, वाहत्या रस्त्याची कड आणि सांडपाण्याच्या नाल्याचा काठ.

मुंबईत लोहमार्गाच्या कडेला पालक, माठ, भेंडी यांची लागवड अनेक दशके होत आली आणि तिला अनेक ठिकाणी नाल्याचे पाणी दिले गेले. भाजीविषयी ही चिंता असेल, तर औषधीविषयी ती दुप्पट हवी. ब्राह्मी, मंडूकपर्णी, वेखंड या पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पती. त्यांपैकी ब्राह्मी तर पाण्यातील जड धातू शोषून आपल्या ऊतींत साठविते, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. शोषलेले धातू धुण्याने जात नाहीत, उकळण्याने नष्ट होत नाहीत. वनस्पती वाळविली की वजनाच्या मानाने त्यांचे प्रमाण वाढतेच.

केवळ वनस्पतिज अशा औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी आयुष विभागाने १ जानेवारी २००६ पासून अनिवार्य केली. दर दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ या त्या मर्यादा औषधनिर्मात्यांना परिचित आहेत. निर्यातीच्या मालासाठी जी दक्षता, ती आपल्या दारी येणाऱ्या रुग्णासाठी का नसावी?

जमीन दूषित असली तरी मार्ग खुंटत नाही. १९९१ नंतरच्या टंचाईच्या काळात क्यूबातील हवाना शहरात निकस वा सिमेंटच्या जागेवर वाफ्यांच्या कडा बांधून, त्यांत बाहेरची माती व सेंद्रिय खत भरून शेती झाली. न्यूयॉर्कमध्ये इमारतींच्या खोल पायांतून निघणारी स्वच्छ माती आता सामूहिक बागांना पुरविली जाते. आपल्या शहरांतही पायांची खोदाई रोजच चालते. तेथील माती तपासून वापरता येईल.

नगरपालिकांकडे काय मागावे?

१. मोकळ्या भूखंडांची प्रभागवार नोंद करून ती नागरिकांस पाहण्यास खुली ठेवावी.

२. बागेसाठी जागा किमान पाच वर्षांच्या लेखी कराराने द्यावी; ती परत घेणे अपरिहार्य झाल्यास पर्यायी जागा देण्याची अट करारात असावी.

३. जागा देण्यापूर्वी माती व पाणी यांची जड धातूंसाठी तपासणी पालिकेच्या खर्चाने व्हावी आणि तिचा अहवाल बागेत फलकावर लावावा.

४. घनकचरा नियमांनुसार वेगळा केलेल्या ओल्या कचऱ्याचेच खत बागांना द्यावे. मिश्र कचऱ्याचे देऊ नये. गांडूळखत प्रकल्प करणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देण्याची पद्धत पुणे महानगरपालिकेने राबविली आहे. तिचे अनुकरण इतरांनी करावे.

५. मंडईत वा उद्यानाच्या प्रवेशद्वारी आठवड्यातून एक दिवस विक्रीसाठी जागा द्यावी.

आपला वाटा

मागणी करून आपली जबाबदारी संपत नाही. बागेतील माळ्यास अडुळसा व निर्गुंडी ओळखता येतील. परंतु गुळवेल केव्हा, कोणत्या वृक्षावरील आणि किती जाडीची घ्यावी, हे त्यास आपणच सांगावयास हवे. वैद्यांनी एकेका बागेची वनस्पतिनिश्चिती स्वतःकडे घ्यावी. औषधालयांच्या मालकांनी दोन-तिघांनी मिळून ठरावीक वजनाची आगाऊ मागणी नोंदवावी व तपासणीचा खर्च वाटून घ्यावा. कच्च्या मालाची नोंद शेड्यूल ‘टी’ प्रमाणे ठेवावी लागतेच. तीत भूखंडाचा क्रमांक आणि माती तपासणीची तारीख यांची भर घालणे अवघड नाही. जेथील मातीचा अहवाल नाही, तेथील पाला-मूळ फुकट मिळाले तरी घेऊ नये, एवढा निर्धार आपण केला तर बागाही शिस्तीने वाढतील.

सर्व वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती आहे की, उपरोक्त पाच मागण्यांचे निवेदन प्रत्येक स्थानिक शाखेने आपल्या प्रभाग समितीस वा नगरपालिकेस सादर करावे आणि सोबत आपणांस नित्य लागणाऱ्या पाच ओल्या औषधींची यादी, मासिक वजनासह, जोडावी. मागणीचा आकडा समोर असला म्हणजे मागितलेल्या भूखंडाचे प्रयोजन पालिकेस वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.