चूक रस्टची की विंडोजची?

समजा, जिंतूरच्या एखाद्या सेवा केंद्रात विंडोजवर एक छोटा प्रोग्रॅम आहे. अर्जदाराचं नाव टाइप केलं की तो ते बॅच फाइलकडे, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलकडे, देतो आणि पावती छापली जाते. नावाच्या रकान्यात कुणी मुद्दाम अवतरणचिन्ह, त्यापुढे & आणि दुसऱ्याच प्रोग्रॅमचं नाव लिहिलं तर? तो दुसरा प्रोग्रॅमही सुरू होऊ शकतो.

लिनक्समध्ये एक प्रोग्रॅम दुसऱ्याला सुरू करतो तेव्हा माहितीचे तुकडे सुटे सुटे पोचतात. विंडोजमध्ये सगळं एकाच ओळीत जातं आणि ती ओळ कुठे तोडायची हे समोरचा प्रोग्रॅम ठरवतो. बहुतेकांचा नियम सी भाषेच्या रनटाइम लायब्ररीतून आलेला: अवतरणचिन्हाआधी बॅकस्लॅश असेल तर ते चिन्ह मजकुरातलंच. प्रोग्रॅमिंग भाषांच्या लायब्ऱ्या त्याच हिशेबाने बॅकस्लॅश घालत आल्या. पण बॅच फाइल चालवायला विंडोज गुपचूप सीएमडी या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला बोलावते आणि सीएमडी हा नियम मानत नाही. त्याच्या लेखी अवतरण तिथेच मिटतं; & च्या पुढे नवी आज्ञा.

रयोताके या नावाने लिहिणाऱ्या जपानी संशोधकाला ही फट अनेक भाषांत सापडली. ९ एप्रिल २०२४ला ती जाहीर झाली, त्याच दिवशी रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची १.७७.२ ही दुरुस्त आवृत्ती आली. रस्टमधल्या फटीला धोक्याचे गुण १० पैकी १०. दिलेला मजकूर जसाच्या तसा पोचेल, असं रस्टने कागदोपत्री कबूल केलं होतं. म्हणून दोष तिने स्वतःकडे घेतला. सीएमडीचे नियम इतके गुंत्याचे की प्रत्येक मजकूर सुरक्षित करणं जमेना. मग शंका आली तर फाइल चालवायचीच नाही, असा तोडगा निघाला. पीएचपीची पहिली दुरुस्ती अपुरी पडली. पायथन आणि गो यांनी कागदपत्रांत सूचना वाढवली, जावाने दुरुस्ती नाकारली.

मला मूळ दोष विंडोजचाच वाटतो. बॅच फाइलसाठी सीएमडी तुम्ही स्वतः सुरू करा, असं मायक्रोसॉफ्टचीच कागदपत्रं सांगतात. तरी विंडोज न सांगता ते काम करते. आता ही सवय बदलली तर कित्येक जुनी कामं अडतील, हेही खरं.

आणि जिंतूरच्या त्या प्रोग्रॅमचं काय? तो रस्टमध्ये लिहिला असेल तर रस्टची लायब्ररी त्याच्या पोटातच बांधलेली असते. नवी आवृत्ती आली म्हणून तो आपोआप सुधारत नाही. ज्याने बनवला त्यानेच तो पुन्हा कंपाइल करून केंद्रावर बसवायला हवा.