आवळलेली दोरी, अडलेले रक्त

कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात, सातारा-सांगलीच्या उसाच्या फडात घोणस चावली की विष वर चढू नये म्हणून हातपाय दोरीने करकचून आवळण्याची जुनी रीत आहे. तिने विष थांबेलच असे नाही. रक्त मात्र अडते. मग पेशींना प्राणवायू मिळत नाही, आम्ल साचते, पेशी फुगून फुटतात. प्रत्येक अवयवाचा दम वेगळा. मेंदूला 4-5 मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते, हृदयाचा स्नायू साधारण 20 मिनिटांनंतर मरू लागतो. हातापायांचे स्नायू आणि नसा दोनेक तास तग धरतात. 6 तासांनंतर हानी सहसा भरून येत नाही. बोटे काळी पडतात, कधी पायच कापावा लागतो, आणि हे नुकसान विषाचे नव्हे, दोरीचे असते. त्वचा, हाडे स्नायूंहून चिवट. दोरी एकदम सोडणेही घातक: मेलेल्या स्नायूंतले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते, मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांत अडकते, आणि घोणस चावल्यावर मूत्रपिंडे तशीही धोक्यात असतात. म्हणून चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधावा, हलवू नये आणि रुग्णाला सर्पदंशावरचे प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात तातडीने न्यावे. आधीच आवळलेली दोरी डॉक्टरांसमोरच सोडावी.